झोपेत दात खाण्याची गोष्ट : रबराच्या पट्टीपासून नाईट गार्डपर्यंत

बहुतेक आजारांत ज्याला त्रास होतो तोच डॉक्टरांकडे येतो. झोपेत दात खाण्याचं तसं नाही. दात खाणारा गाढ झोपेत असतो आणि जागं राहावं लागतं ते शेजारच्याला. त्यामुळे ही तक्रार घेऊन आमच्याकडे येतात त्या बायका, नवरे, आया आणि होस्टेलवरचे रूम-पार्टनर. ज्याचे दात आहेत तो "मी? छे, शक्यच नाही," म्हणतो. मग खुर्चीत बसवून हातात आरसा दिला की त्यालाच दिसतं : दाढांवरचे उंचवटे सपाट झालेले, सुळ्यांची टोकं घासून गेलेली, पुढच्या दातांच्या कडांना बारीक टवके.

यानंतर नाईट गार्डचा विषय निघतो, आणि त्यावर हमखास प्रश्न येतो : "डॉक्टर, हे घातल्यावर माझं दात खाणं थांबेल ना?"

खरं उत्तर असं : बहुधा थांबणार नाही, पण दात वाचतील. हे ऐकून पुष्कळांचा चेहरा उतरतो. पैसे खर्चून, माप देऊन, रोज रात्री तोंडात एक वस्तू घालून झोपायचं आणि मूळ सवय तशीच राहणार असेल, तर उपयोग काय? रास्त शंका आहे. तिचं उत्तर मला या वस्तूच्या इतिहासातच सगळ्यात चांगलं सापडतं. गेल्या सव्वाशे वर्षांत दात खाण्याची कारणं डॉक्टरांनी अनेकदा बदलली. एका कारणापायी कित्येकांचे चांगले दातही घासले गेले. या सगळ्या उलथापालथीत टिकून राहिली ती ही साधी पट्टी. ती का टिकली हे समजलं, की तुमच्या गार्डकडून काय अपेक्षा ठेवायची हेही समजेल.

राग, पश्चात्ताप आणि जंत

आपल्या भाषेत 'दात खाणे' या शब्दांना आधी रागाचा वास येतो. माणूस संतापला की दातओठ खातो. मराठी बायबलमध्ये नरकातल्या शिक्षेचं वर्णन करताना रडण्यासोबत 'दात खाणे' हेच शब्द वापरले आहेत. मूळ ग्रीक मजकुरात त्या जागी जो शब्द आहे, त्याच्याच कुळातून पुढे 'ब्रुक्सिझम' हे या त्रासाचं वैद्यकीय नाव तयार झालं. म्हणजे ग्रीक असो वा मराठी, दातांची करकर ऐकली की माणसाला आधी मनातली खळबळच आठवली.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र आपण मन सोडून थेट पोटाकडे वळतो. "पोरगं झोपेत दात खातंय, पोटात जंत झाले असतील," हे वाक्य तुम्ही आजीकडून नक्की ऐकलं असेल. मुलं मोठ्यांपेक्षा जास्त प्रमाणात दात खातात हे निरीक्षण बरोबर आहे. पण नुसत्या दात खाण्यावरून जंतांचं निदान करता येत नाही. जंत असतील तर त्याचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं जरूर द्या. तेवढ्यानं रात्रीची करकर थांबेल अशी खात्री मात्र धरू नका. बहुतेक मुलांची ही सवय वाढत्या वयात आपोआप सुटते.

आपल्या जुन्या ग्रंथांत झिजलेल्या दातांच्या तक्रारीही ओळखीच्या आहेत. थंड-गरम लागलं की दात शिवशिवणं, याला सुश्रुतसंहितेत 'दंतहर्ष' असं नाव आहे. वर्षानुवर्षं दात खाणारा माणूस शेवटी याच तक्रारीनं दवाखान्यात येतो. कारण वरचं कडक कवच झिजलं की आतला संवेदनशील थर उघडा पडतो.

आधी रबर आलं

नाईट गार्डच्या आधी तो ज्यापासून बनेल असं काहीतरी सापडायला हवं होतं. तोंडात तासन्‌तास राहील, लाळेनं सडणार नाही, दातांच्या आकारात चपखल बसेल आणि टोचणार नाही, असा पदार्थ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दंतवैद्यांकडे नव्हता. तो अमेरिकेत सापडला. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ च्या सुमारास रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधली आणि १८४४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यांचे बंधू नेल्सन यांनी गंधकाचं प्रमाण वाढवून लाकडासारखं कडक रबर बनवलं. रोमन लोकांच्या अग्निदेवतेच्या, व्हल्कनच्या, नावावरून त्याला 'व्हल्कनाइट' म्हणू लागले.

दंतवैद्यांच्या हाती हे कडक रबर आलं आणि कवळ्या स्वस्त झाल्या. पण लवकरच त्याचा दुसरा उपयोगही दिसला. मोडलेला जबडा जुळेपर्यंत स्थिर ठेवायला न्यूयॉर्कचे दंतवैद्य थॉमस गनिंग यांनी रबराच्या पट्ट्या वापरायला सुरुवात केली. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सीवर्ड यांचा जबडा १८६५ च्या एप्रिलमध्ये घोडागाडीच्या अपघातात मोडला. त्यानंतर काही दिवसांतच, लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली त्याच रात्री, अंथरुणावर पडलेल्या सीवर्ड यांच्यावर चाकूहल्ला झाला. ते वाचले आणि पुढे त्यांच्या जबड्यासाठी गनिंग यांनीच रबराची पट्टी बनवली. दातांवर बसणारी, काढता-घालता येणारी वस्तू जबड्याला आधार देऊ शकते, ही कल्पना अशी रुजली.

या रबराला एक काळी बाजूही होती. कवळीसाठी व्हल्कनाइट वापरण्याचं पेटंट एका कंपनीच्या हातात होतं, आणि दंतवैद्यांकडून परवान्याचे पैसे वसूल करण्यासाठी तिचे खजिनदार जोसाया बेकन गावोगावी खटले भरत फिरत. १८७९ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका हॉटेलात सॅम्युएल चॅलफंट नावाच्या दंतवैद्यानं त्यांना गोळी घालून ठार केलं. १८८१ मध्ये ते पेटंट संपलं आणि कडक रबर सगळ्यांसाठी मोकळं झालं.

साधारण १८९० च्या सुमारास लंडनमध्ये वुल्फ क्राउझ हे दंतवैद्य मुष्टियोद्ध्यांच्या दातांवर गटापर्चाच्या पट्ट्या बसवू लागले. गटापर्चा म्हणजे मलाया भागातल्या एका झाडाचा चीक. तुमचं रूट कॅनाल झालं असेल, तर तोच पदार्थ आज तुमच्या दाताच्या मुळात भरलेला असेल. समोरच्याच्या ठोशापासून दात वाचवणारी पट्टी इथे तयार झाली. स्वतःच्याच जबड्यापासून दात वाचवायची वेळ पुढच्या दशकात आली.

व्हिएन्ना, १९०१ : चुकीचं कारण, उपयोगी पट्टी

व्हिएन्नातले दंतवैद्य मोरित्झ कारोली पायोरियाचे रुग्ण तपासत होते. पायोरिया म्हणजे हिरड्यांतून पू येणं, दात सैल होणं आणि शेवटी पडणं. त्या काळी या आजारापुढे डॉक्टर जवळजवळ हतबल असत. यातले कित्येक रुग्ण रात्री दात दाबून धरतात किंवा घासतात, असं कारोलींच्या लक्षात आलं. १९०१ मध्ये त्यांनी आपली निरीक्षणं मांडली : रात्रीच्या या जोरामुळेच दातांचा आधार खचतो. त्यावर उपाय म्हणून त्यांनी दातांवर झोपताना घालायची व्हल्कनाइटची पट्टी सुचवली. आजच्या नाईट गार्डची वंशावळ इथून सुरू होते.

कारोलींचं कारण पुढे टिकलं नाही. पायोरियाच्या मुळाशी दातांवर साचणारा जंतूंचा थर असतो, हे आता आपल्याला ठाऊक आहे. आधीच खचलेल्या दाताला दात खाण्याचा जोर आणखी सैल करू शकतो, पण निरोगी हिरडीत तो एकटा पायोरिया निर्माण करत नाही. म्हणून आजही लक्षात ठेवा : हिरड्यांतून रक्त येत असेल तर गार्ड हा त्यावरचा इलाज नव्हे. त्याला दातांची सफाईच लागते.

तरी कारोलींच्या पट्टीनं एक गोष्ट साधली. वरचे दात खालच्या दातांवर घासण्याऐवजी रबरावर घासू लागले. कारण चुकलं होतं, पण दात वाचत होते. हा प्रकार या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतो.

वेड की सवय?

१९०७ मध्ये मारी आणि पिएत्किविच यांच्या फ्रेंच लेखात या त्रासाला 'ब्रुक्सोमानी' असं नाव मिळालं. 'मानी' म्हणजे मॅनिया, अर्थात वेड. दात खाणाऱ्याच्या डोक्यातच काहीतरी बिघडलं आहे, असा सूर त्या नावातच होता. १९३१ साली अमेरिकेत बर्ट्रांड फ्रोमन यांनी 'ब्रुक्सिझम' हा शब्द वापरला आणि वेडाचा शिक्का थोडा पुसट झाला. तरी दातांच्या या त्रासामागे मन आहे आणि दंतवैद्यानं मानसोपचाराचीही मदत घ्यावी, असं फ्रोमन यांचंही म्हणणं होतं.

आजच्या दृष्टीनं ते अगदीच चूक नव्हते. ताण, चिंता आणि दात आवळणं यांचं नातं आहेच, विशेषतः दिवसा जागेपणी दात आवळून धरण्याचं. संगणकावर काम करताना, गाडी चालवताना, हिशेब जुळवताना आपले दात एकमेकांवर दाबलेले असतात हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. खरं तर जेवताना आणि गिळताना दात टेकतात तेवढेच. दिवसभरातला तो सगळा वेळ एकत्र केला तर साधारण वीस मिनिटं भरतो. उरलेला वेळ ओठ मिटलेले आणि दात सुटे, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. हे वाचताना तुमचे दात टेकलेले असतील तर आत्ताच सोडा.

करोनाच्या काळात याचा मोठा प्रत्यय आला. २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकन डेंटल असोसिएशननं दंतवैद्यांना विचारलं, तेव्हा ७० टक्क्यांहून अधिक जणांनी दात खाण्याच्या तक्रारी वाढल्याचं सांगितलं. तडे गेलेले आणि टवके उडालेले दातही वाढले होते.

चांगले दात घासण्याचे दिवस

या इतिहासातलं सगळ्यात महागात पडलेलं प्रकरण विसाव्या शतकाच्या मधल्या काळातलं. मिशिगन विद्यापीठातले सिगुर्ड रॅमफ्योर्ड हे मोठे अभ्यासक. स्नायूंतली विजेची हालचाल टिपणारं यंत्र वापरून त्यांनी दात खाणाऱ्यांचा अभ्यास केला आणि १९६१ मध्ये निष्कर्ष मांडला : वरचे आणि खालचे दात नीट जुळत नसतील, मध्येच एखादा उंचवटा अडत असेल, तर ताणाच्या जोडीनं जबडा तो अडथळा घासून काढायचा प्रयत्न करतो. दात खाणं यातूनच सुरू होतं.

कल्पना पटण्यासारखी होती. चपलेत खडा असला की पाय अस्वस्थ होतो, तसंच हे. मग इलाजही तसाच निघाला. दाताचा अडणारा भाग यंत्रानं घासून टाकायचा, चावा 'जुळवायचा', गरज वाटली तर सगळ्या दातांवर कॅप बसवायच्या. जगभर पुष्कळ रुग्णांवर हे केलं गेलं. यात डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता, पण एक गोष्ट विसरली गेली. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे आणि तो पुन्हा उगवत नाही. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरून येते. इनॅमल एकदा घासलं की गेलंच.

या कल्पनेची खरी परीक्षा व्हायला १९८४ साल उजाडलं. टेक्सासमधले संशोधक जॉन र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा प्रयोग केला. दात खाणाऱ्यांच्या दातांवर त्यांनी मुद्दाम अडथळा येईल अशा कॅप बसवल्या. जुनी कल्पना खरी असती तर दात खाणं वाढायला हवं होतं. बहुतेकांच्या बाबतीत रात्रीचं दात खाणं उलट कमी झालं. खडा घातला आणि पाय शांत झाला! चावा न जुळणं हे दात खाण्याचं कारण आहे, या समजुतीचा पाया तिथेच डळमळला.

गंमत अशी, की याच मिशिगन विद्यापीठात रॅमफ्योर्ड आणि मेजर अॅश यांनी एक गार्डही विकसित केला होता. कडक, गुळगुळीत, वरच्या सगळ्या दातांना झाकणारा. 'मिशिगन स्प्लिंट' या नावानं तो आजही ओळखला जातो, आणि आम्ही जे कडक गार्ड करून देतो ते बरंचसं त्याच्याच घराण्यातलं असतं. सिद्धान्त मागे पडला, पट्टी राहिली. कारण गार्ड काढून ठेवता येतो, घासलेला दात परत लावता येत नाही.

दरम्यान रबरही मागे पडलं होतं. १९३७ च्या सुमारास ॲक्रिलिक दंतवैद्यकात आलं. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या पारदर्शक छपरांसाठी वापरलेलं तेच हे प्लास्टिक. ते हलकं होतं, तोंडात सहज दिसत नव्हतं आणि झटपट दुरुस्तही करता येत होतं. व्हल्कनाइटची जागा त्यानं घेतली.

झोपेच्या प्रयोगशाळेत

मग दात खाणं सुरू होतं तरी कुठून? हे कळायला डॉक्टरांना दात सोडून झोपेकडे पाहावं लागलं. १९५३ मध्ये शिकागोत अॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेत डोळे भराभर हलण्याचा टप्पा शोधला आणि झोप ही एकसारखी शांत अवस्था नाही हे स्पष्ट झालं. पुढे मॉन्ट्रियलमध्ये जिल लाविन्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दात खाणाऱ्यांना प्रयोगशाळेत झोपवून मेंदू, हृदय आणि जबड्याचे स्नायू एकाच वेळी तपासले.

त्यांना दिसलेला क्रम असा. हलक्या झोपेत मेंदू मधूनमधून काही सेकंद जागेपणाकडे झुकतो. माणूस जागा होत नाही, त्याला काही आठवतही नाही. या क्षणी आधी मेंदूच्या लहरी बदलतात, मग हृदयाचे ठोके वाढतात, आणि शेवटी जबड्याचे स्नायू तालात आवळू लागतात. त्यातल्या काही वेळा दात एकमेकांवर घासून आवाज येतो. म्हणजे दातांपर्यंत गोष्ट येते तेव्हा खेळ संपत आलेला असतो. त्याची सुरुवात मेंदूत झालेली असते.

आणखी एक आश्चर्य पुढे आलं. दात न खाणाऱ्या निरोगी माणसांपैकी सुमारे ६० टक्के लोकांच्या जबड्याच्या स्नायूंतही झोपेत अशी तालबद्ध हालचाल थोड्या प्रमाणात दिसते. दात खाणाऱ्यांत ती जास्त वेळा आणि जास्त जोरात होते, इतकंच. म्हणूनच २०१८ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटानं म्हटलं, की एरवी निरोगी असलेल्या माणसात दात खाणं हा 'आजार' मानू नये. ते एक वर्तन आहे. त्यानं दातांचं, स्नायूंचं नुकसान होत असेल तर त्या नुकसानीला आवर घालावा. वेडापासून सुरू झालेला प्रवास इथवर आला.

गार्डचीच परीक्षा

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. गार्ड घातल्यानं दात खाणं थांबतं का, हेही तपासलं गेलं.

१९७९ मध्ये ग्लेन क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २५ रुग्णांच्या स्नायूंची रात्रीची हालचाल मोजली. गार्ड घातल्यावर साधारण निम्म्यांची हालचाल कमी झाली, काहींत फरक पडला नाही आणि पाचातल्या एकाची तर वाढली. २००४ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी खऱ्या गार्डची तुलना फक्त टाळूवर बसणाऱ्या, दात न झाकणाऱ्या पट्टीशी केली. दोन्हींनी दात खाणं सारखंच कमी केलं. २००६ मधल्या एका जपानी अभ्यासात ही घट थोडेच दिवस टिकली. म्हणजे तोंडात काहीतरी नवीन आलं की जबडा काही रात्री बिचकतो, मग त्याला सवय होते आणि पहिले पाढे पंचावन्न.

२००७ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं सगळे चांगले अभ्यास एकत्र तपासले. गार्डमुळे झोपेतलं दात खाणं कमी होतं असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, पण दातांची झीज रोखण्यात त्याचा फायदा असू शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

गार्ड मऊ असावा की कडक, हाही प्रश्न १९८७ साली जेफ्री ओकेसन यांनी दहा जणांवर तपासला. कडक गार्डनं आठ जणांच्या स्नायूंची हालचाल कमी केली. मऊ गार्डनं पाच जणांत ती उलट वाढवली. अभ्यास छोटा आहे, पण खूप जोरात दात खाणाऱ्यांना आम्ही शक्यतो कडक गार्ड का सुचवतो याचं एक कारण त्यात आहे. दुसरं कारण साधं : मऊ गार्ड काही महिन्यांत चावून फाटतो.

मग गार्ड नेमकं करतो काय?

कारोलींच्या पट्टीनं जे केलं तेच. ॲक्रिलिक इनॅमलपेक्षा मऊ असतं. रात्री जबडा चालला की झीज ॲक्रिलिकची होते, दाताची नाही. गार्ड सगळ्या दातांना एकत्र झाकत असल्यामुळे जोर एकाच दाढेवर न येता सगळ्यांवर वाटला जातो. भरलेली दाढ फुटणं, कॅप तडकणं, दाताला उभा तडा जाऊन तो काढावाच लागणं, हे प्रसंग त्यामुळे टळू शकतात. चार-सहा महिन्यांनी गार्ड उजेडात धरून बघा. त्यावर चरे आणि खळगे दिसतील. ते सगळे चरे तुमच्या दातांवर पडणार होते.

पावसात छत्री घेतली म्हणून पाऊस थांबत नाही. पण आपण भिजत नाही, आणि छत्री जुनी झाली तर बदलता येते. नाईट गार्डकडून एवढीच अपेक्षा ठेवा. ती तो चांगली पुरी करतो.

तुमच्यासाठी काही गोष्टी

१. गार्ड दवाखान्यात माप देऊन करून घ्या. दुकानात मिळणारे, गरम पाण्यात बुडवून चावायचे गार्ड तात्पुरते ठीक असतात. सैल गार्ड घशात सरकण्याचा धोका असतो. फक्त पुढच्या दातांवर बसणारे छोटे गार्ड देखरेखीशिवाय दीर्घकाळ वापरले तर दातांची जुळणी बदलू शकते.

२. तुम्ही जोरात घोरत असाल, झोपेत श्वास अडतो असं घरचे म्हणत असतील, किंवा पुरेशी झोप घेऊनही दिवसा पेंग येत असेल, तर गार्डच्या आधी हे सांगा. श्वास अडण्याचा आजार असलेल्या दहा जणांवरच्या एका छोट्या अभ्यासात वरच्या दातांवर गार्ड घातल्यावर निम्म्यांचा त्रास वाढलेला दिसला. अशा वेळी आधी झोपेची तपासणी हवी.

३. मानसिक आजारांवरच्या काही औषधांनी दात खाणं सुरू होऊ शकतं किंवा वाढू शकतं. तुम्ही घेत असलेल्या सगळ्या गोळ्या सांगा, पण स्वतःच्या मनानं एकही बंद करू नका.

४. संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी, दारू आणि तंबाखू कमी करा. या तिन्हींचा दात खाण्याशी संबंध आढळला आहे.

५. पहिल्या काही रात्री लाळ जास्त सुटेल, गार्ड परका वाटेल. सकाळी काढल्यावर दात थोडा वेळ वेगळे टेकल्यासारखे वाटतील. ही जाणीव थोड्या वेळात जायला हवी. दिवसभर राहिली, किंवा जबडा दुखू लागला, तर गार्ड घेऊन परत या.

६. गार्ड साध्या पाण्यानं, मऊ ब्रशनं धुवा. उकळत्या पाण्यात टाकू नका, वाकडा होईल. डबीत ठेवा. दर तपासणीला सोबत आणा, त्यावरच्या चऱ्यांवरून आम्हाला पुष्कळ काही कळतं.

७. वाढत्या मुलांना सहसा गार्ड देत नाहीत. त्यांचे दात आणि जबडे बदलत असतात. दात फार झिजत असतील किंवा मूल घोरत असेल तर मात्र दाखवा.

८. जबड्याच्या स्नायूत बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन देण्याचा उपाय १९९० पासून वैद्यकीय लेखनात आहे. काही निवडक रुग्णांत त्यानं आवळण्याचा जोर कमी होतो. पण त्याचा परिणाम काही महिन्यांत उतरतो आणि ते गार्डची जागा घेत नाही.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. 'चावा जुळवला की दात खाणं कायमचं बंद होईल' असं सांगून कुणी तुमचे निरोगी दात घासायला किंवा सगळ्यांवर कॅप बसवायला सुचवत असेल, तर थांबा. दुसऱ्या दंतवैद्याचं मत घ्या. झिजून अगदी लहान झालेले किंवा फुटलेले दात पुन्हा उभे करायला कॅप लागू शकतात, ते वेगळं. पण ते झीज भरून काढणं आहे, दात खाण्यावरचा इलाज नाही. त्या नव्या कॅपवरसुद्धा रात्री गार्ड घालावाच लागतो, नाहीतर जबडा त्याही फोडतो.

उपाय निवडताना एक प्रश्न नेहमी विचारा : हे नको झालं तर परत पूर्वीसारखं करता येईल का? नाईट गार्डच्या बाबतीत उत्तर 'हो' आहे. तो काढून डबीत ठेवला की दात होते तसेच असतात. दात घासून घेण्याआधी हाच प्रश्न डॉक्टरांना विचारा, आणि उत्तर समजल्याशिवाय खुर्चीत बसू नका.